वर्खाखालचा सूर

फोटो नीट यावा म्हणून मी जपान्याला उचलून भिंतीशी तिरका टेकवला, सवयीनं उजवीकडची शेवटची पट्टी दाबली, आणि तो बोलला. वरचा सूर. अगदी वरचा, आणि इतका स्वच्छ की माझ्या हातातला फोनच खाली पडला. जपान्या म्हणजे माझा सिंथेसायझर. जपानी बनावटीचा, माझ्या गुरूंनी घेतला तेव्हा अख्ख्या खोन केन शहरात तसा दुसरा नव्हता. गेली आठ वर्षं त्याची कुठलीही पट्टी दाबा, आतून एकच उत्तर यायचं: सगळ्यात खालचा, तळातला सूर, पोट दुखणाऱ्या म्हशीनं हंबरावं तसा. पहिली दाबा, म्हैस. शेवटची दाबा, म्हैस. काही दाबू नका, नुसती वायर लावा, तरी म्हैस. आणि आज, त्याला घराबाहेर काढायला निघाले तर हा बाबा बोलला! मी परत दाबली. म्हैस. पुन्हा दाबली. म्हैस. "अरे मेल्या, आत्ता बोललास ना! बोल की!" मी ओरडले. शिलाई मशीनवरचा, शिवायला घेतलेल्या नाचाच्या पोशाखाचा निळा पिसारा घसरून खाली आला, तो उचलायचंही सुचेना. मी तिथेच टिकल्यांच्या पुडक्यावर बसले, आणि टिकल्या टोचताहेत हे बऱ्याच वेळानं कळलं.

जपान्याला दोन स्थळं आली होती, आणि दोन्ही तोलामोलाची. मला माझ्या लग्नाच्या वेळी एकच आलं होतं, तेही आमच्याच फडात ड्रम बडवणाऱ्या साकचं, आणि तेच मी पदरात पाडून घेतलं. पहिलं स्थळ बँकॉकचं. पाकिन नावाचा तरुण, जुनी यंत्रं जमवणारा, आवाजात साखर. मी सहज फोनवर फोटो टाकला होता, 'बंद आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन जा', तर माझा चहा निवायच्या आत याचा फोन. "पा, एक विनंती आहे. काही पुसू नका हं. धूळसुद्धा नको." पा म्हणजे थोरली मावशी, या वयात सगळं जगच मला पा म्हणतं. "अरे, धूळ कशाला हवी तुला?" "धुळीसकटच हवा आहे, पा. त्या सोन्यासकट. काचेचं कपाट करून घेतोय, आतून दिवे." मला आधी काही समजेना. आयुष्यभर ज्याच्यावर फडकं मारलं त्याच्या धुळीला कुणी मागणी घालेल असं कधी वाटलं नव्हतं.

सोनं मात्र खरंच होतं त्याच्यावर. भिक्खूंचा वर्षावास संपला की आमच्या मोलामच्या फडांचा हंगाम सुरू होतो: ट्रक निघतात, गावोगाव स्टेज उभं राहतं, गाणं, नाच, नाटक, सगळं उजाडेपर्यंत. त्याआधीच्या एका गुरुवारी वाय ख्रू करायचं, म्हणजे गुरुपूजन. सगळी वाद्यं वेदीवर मांडायची. खॅनच्या बांबूच्या नळ्या, ढोल, झांजा, आणि मधोमध आमचा जपान्या. गुरूंनी बोट पांढऱ्या लेपात बुडवून प्रत्येक वाद्याला तीन ठिपके लावायचे, सुगंधी पाणी शिंपडायचं, मग सगळ्यांनी एकेक करून सोन्याचा वर्ख चिकटवायचा. मुख्य गायिकेपासून ट्रकच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांनी. कित्येक वर्षं चाललेला प्रकार! जपान्याच्या कपाळावर, कडांवर, पट्ट्यांच्या मुळाशी वर्खाचे थरावर थर चढले होते. आमच्या गुरूंची, म्हणजे ख्रू थाविनची, बायको बाजारातला सगळ्यात स्वस्त वर्ख आणायची, तो हातात घेतला की भुगा व्हायचा, आणि साक दरवर्षी अंगठ्यानं तो भुगाच दाबून बसवायचा, जीभ बाहेर काढून, शाळेतलं पोर चित्र चिकटवतं तसा. साक गेला, ख्रू गेले, ख्रूंची बायको गेली. पाकिनला याच्यातलं काहीएक माहीत नव्हतं, त्याला फक्त चकाकी दिसली. पण माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं.

दुसरं स्थळ जवळचं, आणि म्हणून अवघड. विथून, ख्रू थाविनचा मुलगा, आता फडाचा मालक. याला मी पिसांच्या गाठोड्यावर झोपवलेलं आहे, याचं नाक पुसलेलं आहे. काल त्याचा फोन आला तेव्हा मी हिरव्या परकराला जरीची कड लावत होते. "पा योंग, विकू नकोस परक्याला. बाबांचा आहे तो."

"बाबांनी मला दिला होता."

"माहितीये गं. मी कुठे फुकट मागतोय! बदली कर. मी तुला नवा कीबोर्ड देतो, कोरा, खोक्यातला. जपान्या आमच्या वेदीवर राहील, कायमचा. गुरूंच्या जागी." मग तो म्हणाला, "आणि यंदा तू आमच्याबरोबर चल. पूर्ण हंगाम."

"कपडे शिवायला?"

"वाजवायला! आमचा वाजवणारा सैन्यात भरती झालाय."

"अठ्ठावन्न वर्षांची बाई स्टेजवर बसवतोस? लोक काय म्हणतील?"

"मागच्या रांगेत आम्ही धूर सोडतो, पा. कोण दिसतंय कुणाला!"

इतकी हसले मी! खोटं कशाला बोलू? मला स्टेज हवं होतं. आठ वर्षं मी दुसऱ्यांचे पोशाख शिवतेय, दर हंगामात ट्रक निघताना दारात उभी राहून हात हलवतेय आणि मग आत येऊन उगाच भांडी घासतेय. जपान्या बिघडला तेव्हा फडानं नवा कीबोर्ड घेतला आणि नव्या कीबोर्डबरोबर नवा पोरगा घेतला, मला कुणी काढलं नाही, फक्त माझी खुर्ची हळूहळू मागे सरकत गेली आणि एके दिवशी मी कपड्यांच्या ट्रकमध्ये होते. त्यामुळे विथूननं 'वाजवायला' म्हटलं तेव्हा माझ्या दहाही बोटांना ते ऐकू गेलं. तरी मी विचारलंच, "आणि जपान्याचा आवाज? तो नव्या कीबोर्डात कुठून आणू?" तर म्हणतो, "अगं, तो तयार मिळतो आता! दुकानदारच भरून देतो. बटण दाबलं की झालं. उद्या संध्याकाळी ट्रक पाठवू का?" मी म्हटलं, पाठव. मग रात्रभर विचार बदलत राहिला आणि सकाळी पाकिनला हवे होते म्हणून मी फोटो काढायला घेतले, तशीच वेळ आली तर दोन्ही स्थळं हातात असावीत म्हणून. त्याला लाल दिवा लागलेला फोटो हवा होता. तेवढ्यासाठी वायर लावली, छोटा स्पीकर जोडला, म्हैस हंबरायला लागली, मी तिरका केला, म्हैस थांबली ते लक्षातही आलं नाही, आणि पट्टी दाबली.

तो वरचा सूर. कसं सांगू! तो दुकानदारानं भरून दिलेला सूर नव्हता. ख्रू तो सूर सरळ कधी सोडायचेच नाहीत, डाव्या हातानं गोल बटण जरासं फिरवून त्याला खालून वर ओढत न्यायचे, आणि समोर चटयांवर बसलेल्या हजार-दोन हजार माणसांच्या तोंडून एकदम 'ओ-ओ-ओय' निघायचं. म्हाताऱ्या बायका पानाचा विडा तोंडात धरून उभ्या राहायच्या. मला सुरुवातीला वाटायचं की आवाज स्पीकरमधून येत नाही, ख्रूंच्या बगलेतून येतो. त्यांच्या बगलेला कापराचा वास असायचा. मी तेव्हा नाचणाऱ्या मुलींच्या मागच्या ओळीत होते, डोक्यावर हातभर पिसारा, पायात दुसऱ्याची सँडल, आणि नाचताना माझी मान सारखी डावीकडे वळायची, जपान्याकडे, त्यावरून मी ओरडा खायचे. आज तो सूर कानात असा शिरला की मला त्या सँडलचा पट्टा टाचेला घासलेला जाणवला. आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं: म्हणजे हा मेलेला नाही. म्हणजे आठ वर्षं मी जिवंत माणसावर चादर घालून ठेवली.

"मी ऐकलं!" दारातून आवाज आला. समोरच्या गाळ्यातला तियांग, एका हातात चिकट भाताचा गोळा, दुसऱ्या हातात कोंबडीची तंगडी. हा एकेकाळी आमच्या फडाचे स्पीकर सांभाळायचा, आता पंखे आणि राइस कुकर दुरुस्त करतो. म्हणजे घेतो दुरुस्तीला, दुरुस्त होतातच असं नाही. साकचा जिवलग दोस्त. "योंग, मी ऐकलं! तूच वाजवलंस ना? का फोनमध्ये जुनं काही लावलंस?"

"फोनमध्ये कसलं लावतेय! तो बोलला, तियांगदादा. एकदाच."

"मग उघड त्याला!"

"आठ वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं तुला. तेव्हा म्हणालास, आतले भाग जपानमध्येही मिळत नाहीत."

"तेव्हा मी उघडून कुठे पाहिलं होतं?" तियांग तंगडी माझ्या शिलाई मशीनवर ठेवून म्हणाला. "तुझा नवरा नुकताच गेलेला, तू रडतेयस, गुरूचं वाद्य, वर सोनं. मी घाबरून काहीतरी ठोकून दिलं." आणि वर हसतो! त्याला तिथल्या तिथे कात्रीनं भोसकावं असं वाटलं मला. पण वेळ नव्हता. मी पिसारे पलंगावर फेकले, टेबल मोकळं केलं, आम्ही दोघांनी जपान्याला उताणा केला, आणि त्यानं मागचे स्क्रू काढायला घेतले. एकेक स्क्रू कर्रकर्र करत निघत होता. मला भूक लागली होती की भीती वाटत होती की लग्नाच्या आदल्या दिवशी होतं तसं काही होत होतं, कळत नव्हतं. मी उगाच तियांगच्या खांद्यावरून वाकून 'हळू, हळू' करत होते. "मागे हो गं बाई, तुझा घाम पडतोय आत," तो म्हणाला.

झाकण निघालं. आत सोनं होतं. बाहेर जेवढं त्याच्यापेक्षा जास्त. पट्ट्यांच्या फटींतून वर्षानुवर्षं गळलेला वर्खाचा भुगा, पांढऱ्या लेपाच्या पापुद्र्यांत मिसळून, तारांवर, खाचांत, हिरव्या पाटीवर, सगळीकडे. दारातून ऊन येत होतं आणि ते सगळं श्वास लागला तरी हलत होतं. तियांगनं हात जोडले. मीही जोडले. मग तो नाकावर चष्मा ओढून बराच वेळ बघत राहिला, आणि बघता बघता त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता.

"अगं, हा बिघडलेलाच नाही!"

"म्हणजे?"

"हे बघ. प्रत्येक पट्टीखाली या दोन बारीक तारा. पट्टी दाबली की एकमेकींना लागतात, की सूर निघतो. आता ही सगळ्यात खालची पट्टी. हिच्या तारांमध्ये सोनं बसलंय. सोन्यातून वीज जाते, बाई! त्यामुळे त्याला वाटतं, खालची पट्टी कुणीतरी दाबून धरली आहे. आणि हा एका वेळी एकच सूर काढतो, खालचा असला की वरच्याला विचारत नाही. आठ वर्षं त्याला वाटतंय कुणीतरी बोट ठेवून बसलंय. सकाळी तू तिरका केलास, कण जरा सरकला, तेवढ्यात त्यानं तोंड उघडलं."

"म्हणजे वर्खानं झालं? आम्ही लावलेल्या?"

"मग काय मी लावला?" तियांग डोळे पुसत म्हणाला. "जगात कुणी सिंथेसायझरला सोनं चोपडून मारलं असेल तर आपण!"

मलाही हसू आलं. किती नमस्कार केले होते आम्ही त्याला! बस उलटू नये म्हणून, गायिकेचा घसा बसू नये म्हणून, पाऊस पडू नये म्हणून, गर्दी व्हावी म्हणून. ओराथाई नावाची एक नाचणारी पोर होती, ती नेहमी काळ्या पट्ट्यांच्या मधोमध वर्ख लावायची, म्हणायची इथे त्याचं हृदय असणार. पुढे ती लग्न करून लाओसला गेली आणि परत कधी दिसली नाही. आता यातला कुठला कण तिचा आणि कुठला साकच्या अंगठ्याखालचा? मी वाकून बघत राहिले, जणू ओळख पटणार होती. पटणार कशी! सगळा भुगा एकसारखा होता, आणि उन्हात माझ्या डोळ्यांपुढे नुसती चमक नाचत होती.

"काढ मग," मी तियांगला म्हणाले. "ब्रशनं झटक. तुझ्याकडे आहे ना बारीक ब्रश?"

तियांगनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मी? गुरूच्या अंगावरचा वर्ख मी खरवडू? वेड लागलंय का? एकदा चुकून ढोल ओलांडला होता, त्याच आठवड्यात मोटरसायकलवरून पडून पाय मोडला. आता हात वाकडा झाला तर लोकांचे पंखे कोण दुरुस्त करणार?"

"पंखे तसेही तू दुरुस्त करत नाहीस."

"तू काढ. तुझा गुरू. तुला दिला होता." मग तो हळू आवाजात म्हणाला, "पण योंग, नीट विचार कर हं. तो बँकॉकवाला सोन्यासकट मागतोय. विथूनला वेदीवर ठेवायचा आहे. हे सोनं उडालं की दोघंही उडाले. राहील काय? एक जुनं खोकं, आणि एक जुनी तू."

बरोबर होतं त्याचं. तोंड वाईट आहे, पण बरोबर होतं. वर्ख राहिला तर मला कोरा कीबोर्ड, खुर्ची, धूर, गावोगावची मैदानं, पहाटेचा भाजलेल्या भाताचा वास, सगळं मिळणार होतं, फक्त हा मुका राहणार होता. वर्ख काढला तर हा बोलणार होता, आणि मी या खोलीत बसून पिसाऱ्यांना वाजवून दाखवणार होते. विथून कशाला नेईल मला? त्याच्या बापाच्या अंगावरचं सोनं खरवडणारी बाई! चार फडांत तोंड दाखवायला जागा राहायची नाही. एकदा झटकलं की परत चिकटवता येणार नव्हतं, आणि ब्रश तर माझ्याच डब्यात होता, पिसांना गोंद लावायचा, खारीच्या शेपटीइतका मऊ.

मी ख्रूंनाच विचारायचं ठरवलं. उदबत्ती लावली, टोपलीतला कच्चा तांदूळ चिमटीत घेतला. आमच्याकडे असंच विचारतात: दाण्यांच्या जोड्या लावायच्या, सगळे जोडीत बसले तर हो, एक एकटा उरला तर नाही. "ख्रू," मी म्हणाले, "मी योंग. तुमचा वर्ख काढू का? त्याला बोलतं करायचंय." जोड्या लावल्या. एक उरला. तियांगनं 'बघ' अशी मान हलवली. मी परत चिमूट घेतली. "ख्रू, नीट ऐका. तो मेलेला नाही, आत्ताच तियांगनं पाहिलं. फक्त साफ करायचं आहे." जोड्या लावल्या. परत एक उरला, तुटका, अर्धा. "अर्धा मोजायचा का?" मी विचारलं. "अर्धा म्हणजे तर पक्कं 'नाही'," तियांग म्हणाला.

आणि मग माझं डोकं फिरलं. खरंच फिरलं. जिवंतपणी या माणसानं मला दुसरं उत्तर दिलं होतं का? मी दर हंगामात विचारायचे, ख्रू, मला शिकवा ना. नाही. ख्रू, नुसतं बसू का शेजारी? नाही. पोरीनं पिसारा सांभाळावा. मी त्यांच्यासाठी बर्फाची कॉफी आणायचे, त्यांच्या सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घडी घालून द्यायचे, कारण एक सूर सतत चालू ठेवायचा असला की ते तो कागद पट्टीच्या फटीत खुपसायचे, आणि तरी नाही. मग महासाराखामजवळच्या एका गावात, पहाट होत आली होती, अर्धी माणसं चटयांवर झोपलेली, ख्रूंनी कागद खुपसला, सूर चालू ठेवला आणि लघवीला गेले. मी नाच सोडून रांगेतून निघाले आणि त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. विचारलं नाही कुणाला. डोक्यावर पिसारा तसाच. तो चालू सूर सोडवला आणि डावा हात गोल बटणावर ठेवून वरच्या पट्टीला हात घातला, महिनोन् महिने नुसतं बघून जे पाठ झालं होतं ते सगळं बोटांतून बाहेर ओतलं. साकनं ड्रमवरून मान वळवून बघितलं आणि ताल एकदम चढवला, तिथेच आमचं जमलं म्हणायला हरकत नाही. पुढच्या चटईवरची एक म्हातारी झोपेतून उठून बसली आणि ओरडली, 'ओ-ओ-ओय!' ख्रू परत आले ते मला वासावरून कळलं. ते मागे उभे राहिले. मला वाटलं, आता कान धरून उठवणार. पण म्हणाले, "खुर्चीचा एक पाय मोडका आहे. पुढे सरकून बस."

"ख्रू," मी उदबत्तीकडे बघून ओरडले, "तुमचं 'नाही' मला चांगलं माहितीये!" आणि ब्रश घेऊन आत हात घातला.

तियांग डोळे मिटून पुटपुटायला लागला. मी झटकत गेले. पहिल्या फटकाऱ्यालाच सोनं उडालं, माझ्या घामेजल्या हातांवर, गळ्यावर, भुवयांवर बसलं. कॉफीच्या रिकाम्या पेल्यात थोडं थोडं गोळा करत होते, बाकीचं हवेत. लेपाचे पापुद्रे नखानं सोडवले, तारांच्या मधून एकेक कण खालून वर काढला, शिवणकामाची सुई घेऊन. हसू येत होतं. आता गेला पाकिन, मी मनात म्हणत होते, आता गेलं ते काचेचं कपाट, आता गेला विथून, गेला धूर, गेलं स्टेज, आणि प्रत्येक 'गेलं'ला अंगावरून काहीतरी उतरत होतं, रडू यायच्याऐवजी भराभर हात चालत होता. शेवटी खालच्या पट्टीच्या तारांमधला तो काळपट चिकटलेला थर राहिला. तो सुईनं खरवडला. मग झाकण न लावताच जपान्याला सरळ केलं आणि तियांगला म्हटलं, "लाव वायर."

लाल दिवा लागला. म्हैस नाही. काहीच नाही. खोलीत इतकी शांतता की गल्लीतला मोटरसायकलचा आवाज घरात असल्यासारखा आला. आठ वर्षांत हा दिवा लागल्यावर असं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. "मारलास," तियांग कुजबुजला. "योंग, तू त्याला मारलंस." मी मधली एक पट्टी दाबली.

आणि तो बोलला! तिचाच सूर, म्हशीचा नाही, तिचा स्वतःचा. शेजारची दाबली, शेजारचा. काळी दाबली, काळीचा. "आई गं!" मी ओरडले, "तियांगदादा, सगळ्या! अरे, सगळ्या!" तियांग पलंगावर पिसाऱ्यांमध्ये बसून दोन्ही हातांनी मांड्या बडवायला लागला, आणि बडवता बडवता ताल धरला, साकचाच, वाकडातिकडा. सूर जरा उतरलेले होते, तिसऱ्या बोटाला वळायला वेळ लागत होता, दोनदा मी चुकले आणि दोनदा पहिल्यापासून धरलं. मग डावा हात गोल बटणावर गेला, मी न सांगता गेला, आणि तो वरचा सूर खालून वर चढत निघाला तसं माझ्या कानामागून पाठीपर्यंत सरसरून आलं. समोरच्या गाळ्यांतली माणसं दारात आली. कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. मी हसत होते, रडत होते, तोंडात सोन्याचा भुगा गेला होता.

फोन वाजायला लागला. माझे दोन्ही हात गुंतलेले. तियांगनं वाकून बघितलं, विथून होता. ट्रक निघाल्याचं सांगायला असणार. "नको घेऊस!" मी म्हणेपर्यंत त्यानं घेतला, आणि काय बोलावं ते न सुचून, भित्र्यानं फोन सरळ जपान्यासमोर धरला. मी थांबले नाही. होऊ दे जे व्हायचं ते, म्हटलं, ऐकू दे त्याला. तो सूर मी पुन्हा एकदा तळातून उचलला आणि ओढत ओढत वर नेला, आणि वर नेऊन तिथेच धरून ठेवला. मग फोनमधून विथून, तीन ट्रकांचा मालक, चाळिशीचा बाप्या, अगदी लहान आवाजात म्हणाला, "बाबा?"

"नाही रे," मी ओरडून सांगितलं, हात न काढता. "मी आहे. योंग."